सात नंबरचे लाड

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं बुरशी सांभाळणाऱ्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी करू नये. झाडांच्या रोगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. शास्त्रज्ञ येतात, प्रबंध लिहितात, बढती घेऊन दुसरीकडे जातात, आणि त्यांच्या बुरश्या माझ्या गळ्यात पडतात. दर तीन महिन्यांनी त्यांना नव्या प्लेटवर, म्हणजे जेली ओतलेल्या बशीवर घ्यायचं, इनक्युबेटरवर नजर ठेवायची, एकीत दुसरी मिसळू द्यायची नाही, हे माझं काम. सगळे मला काकू म्हणतात. साहेबही म्हणतात, आणि ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

करडी बुरशी तुम्ही पाहिलेली असणार, नाव माहीत नसलं तरी. फ्रिजमध्ये मागे राहून गेलेल्या स्ट्रॉबेरीवर राखाडी लव येते ना, तीच. द्राक्षं, टोमॅटो, गुलाब, काहीही चालतं तिला. आमच्याकडे या एकाच बुरशीचे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले वाण आहेत. त्यातला सात नंबर म्हणजे आमचा मानाचा वाण. एकोणीस वर्षांपूर्वी जुन्या साहेबांनी तो एका कुजक्या गुलाबकळीवरून वेगळा केला, आणि तेव्हापासून कुठलंही औषध तपासायचं असलं की ते सात नंबरवर तपासतात. त्याला सांभाळलं मी. माझ्या प्लेट पांढऱ्याशुभ्र असतात. बाहेरून पाहुणे आले की साहेब त्या हातात घेऊन दाखवतात, आणि मी दुसरीकडे बघत असल्याचं सोंग आणते.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. ती जरबेराची फुलं पिकवते. एक पॉलीहाऊस, त्यात अकरा वाफे. मेहुणे ट्रकवर असतात, त्यामुळे लागवडीपासून काढणीपर्यंत सगळं तीच बघते. त्या भागातल्या चौदा फूलवाल्यांचा एक गट आहे. सगळ्यांची फुलं एकाच शीतघरात ठेवतात आणि एकाच गाडीने बाजारात जातात. शीतघर नसेल तर जरबेरा बाजारात पोचेपर्यंत मान टाकतो, म्हणजे गटातून बाहेर पडणं म्हणजे धंद्यातूनच बाहेर पडणं. गेल्या वर्षापासून धाकटीच्या खोक्यांत सडकी फुलं निघायला लागली. काढताना टवटवीत, आणि चौथ्या दिवशी खोकं उघडलं की पाकळ्यांवर राखाडी लव. तिच्या खोक्यातली सड शेजारच्या खोक्यात जायला लागली तशी कुरकुर सुरू झाली. धाकटी म्हणायची, मी औषध अगदी सांगितल्याप्रमाणे मारते. गटाने आमच्या प्रयोगशाळेला लिहून विचारलं की औषध कमी पडतंय की फवारणी. साहेबांनी काम माझ्याकडे दिलं. मी औषध सात नंबरवर तपासलं. बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्यातच सात नंबर आडवा झाला. साहेबांनी पत्र दिलं: औषध उत्तम आहे, दोष फवारणीत असावा.

सड थांबव नाहीतर गटातून बाहेर, असं सांगून गटाने धाकटीला दोन महिन्यांची मुदत दिली. ते पत्र घेऊन ती माझ्या घरी आली. तिला वाटलं असणार की मी काही वेगळं सांगेन. मी काय सांगितलं? चहा गाळता गाळता म्हटलं, "औषधात काही खोट नाही. तूच कुठेतरी घाई करतेस. मी स्वतः तपासलंय." तिने कप तसाच ठेवला आणि गेली. त्यानंतर आमचं बोलणं बंद. मीही फोन केला नाही. माझं खरं होतं ना, मग मी कशाला करू?

आणि मग आली चौकशी. नाव वेगळं आहे तिचं, पण आठवड्याभरात आम्ही तिचं बारसं करून टाकलं. पीएचडीची विद्यार्थिनी. सकाळी दार उघडलं की ही आत, आणि तोंडात पहिला शब्द "का". हे झाकण उलटं का ठेवता, ही जेली बटाट्याचीच का, काकू तुम्ही कुणाशी भांडलात का. तिचा विषय होता, एकाच करड्या बुरशीच्या वाणांचे स्वभाव किती वेगळे असतात ते मोजणं. आमच्याकडचे अठरा वाण होतेच. आणखी सहा ती फूलवाल्यांच्या गटातून, सहा जणांच्या सडक्या फुलांवरून घेऊन आली. त्यातला चोवीस नंबर धाकटीकडचा. मी फक्त झाकणावर आकडा घातला आणि रांगेत ठेवून दिला.

आता खरं सांगायचं तर पहिला आठवडा मी नाक मुरडत होते. बुरशी ती बुरशी, तिचा कसला स्वभाव. पण चौकशीने चोवीस प्लेट टेबलावर मांडल्या आणि मला म्हणाली, नुसतं बघा. मी बघायला लागले आणि माझा चहा गार झाला. एक वाण चार दिवसांत प्लेटच्या कडेला भिडला होता, दुसरा अजून मधेच घुटमळत होता. एकाने राखेसारखी भुकटी धरली होती. एकाला भुकटी नाहीच, पण मिरीच्या दाण्यांएवढे काळे खडे, तेही गोलात. तीन नंबरला उष्णता सोसत नव्हती, अकरा नंबर उष्णतेत खूश. मग तिने जेलीत एक निळा रंग घातला. बुरशीने पान कुजवणारा आंबट रस सोडला की तो पिवळा होतो. काही प्लेट दुसऱ्याच दिवशी लिंबासारख्या पिवळ्या, काही आठवडाभर निळ्याच्या निळ्या. इतकी वर्षं मी यांना खायला घालत होते आणि यांची ओळखच करून घेतली नव्हती. मला स्वतःचीच गंमत वाटली. मग मी कामावर लवकर यायला लागले. चौकशीच्या आधी प्लेट बघायच्या, असा माझा हट्ट.

चोवीस नंबरचं एक लक्षण तर फारच विचित्र. आम्ही सगळे वाण फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवले होते, थंडीत कोण किती वाढतं ते बघायला. बहुतेक जण गारठून बसले. चोवीस नंबर मात्र सावकाश पण न थांबता वाढत राहिला. मी फ्रिजचं दार उघडून तिथेच उभी राहिले. शीतघराचं तापमान तेवढंच असतं. म्हणजे काढताना फूल चांगलं आणि खोक्यात सडतं, हे होणारच होतं. पण मनाला समजावलं की थंडीत वाढतो म्हणून काय झालं, औषधाने मेला असता की. औषध नीट मारलं असतं तर.

तिसऱ्या आठवड्यात चौकशीने घेवड्याची पानं आणली. प्रत्येक पानावर एकेका वाणाचा मुगाएवढा तुकडा ठेवायचा आणि तीन दिवसांनी डाग मोजायचा. तिसऱ्या दिवशी तेवीस पानांवर तपकिरी डाग, कुठे नखाएवढा, कुठे अख्खं पान गेलेलं. सात नंबरचं पान हिरवंगार. चौकशीने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग ती माझ्याकडे आली, आणि जरा चाचरतच म्हणाली की एखाद्या वेळी लेबलांची अदलाबदल झाली असेल का.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक लेबल इकडचं तिकडे झालेलं नाही. मी तिला ते ऐकवलं, आणखीही बरंच ऐकवलं, आणि शेवटी म्हटलं की बाजूला हो, मी करून दाखवते. माझी पानं, माझी सुई, माझी प्लेट. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी डबा उघडला. सात नंबरचं पान हिरवं. बुरशीचा तुकडा पानावर कापसासारखा नुसता बसून होता. पानाला त्याची काही पर्वा नव्हती.

रागाची जागा आता दुसऱ्याच कशाने तरी घेतली. असं का? हा प्रश्न मला झोंबला. जी बुरशी गुलाबकळी कुजवून आमच्याकडे आली, तिला घेवड्याचं एक पान कुजवता येऊ नये? मी निळ्या जेलीच्या प्लेट पुन्हा काढून बघितल्या. सात नंबरची निळीच. भुकटी शोधली, नाही. काळे खडे, नाहीत. त्याला वाढण्याशिवाय काहीच येत नव्हतं. वाढायचा मात्र झपाट्याने, सगळ्यांच्या पुढे.

त्याच दिवशी सात नंबरला नव्या प्लेटवर घेण्याची तारीख होती. चौकशी माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मी बर्नरवर सुई तापवली, गार होऊ दिली, प्लेट उघडली, एक तुकडा उचलला. तिने विचारलं, "काकू, तुम्ही नेहमी तिथूनच घेता?"

"कुठून?"

"असं कडेचं, पांढरं, सगळ्यात पुढे गेलेलं."

मी म्हटलं, मग काय राखाडी भुकटीतून घेऊ? भुकटी हवेत उडते, दुसऱ्यांच्या प्लेटमध्ये पडते, सगळी खोली नासते. स्वच्छ, जोमाने वाढलेला भागच घ्यायचा, असं मला शिकवलंय आणि तसंच मी पोरींना शिकवते. बोलता बोलता माझा हात थांबला.

वर्षातून चार वेळा, एकोणीस वर्षं. मी वही काढून मोजलं. शहात्तर वेळा मी त्या बुरशीतून सगळ्यात पांढरा, सगळ्यात भरभर वाढणारा, अजिबात त्रास न देणारा तुकडा निवडला होता आणि बाकीचा फेकून दिला होता. भुकटी धरणारा फेकला. खडे करणारा फेकला. आयतं बटाट्याचं पाणी आणि साखर, अंगावर कधी औषध नाही, पान फोडून आत शिरण्याचे कष्ट नाहीत. मी त्याला फाजील लाडाने असा वाढवला होता की त्याला रोग करणंच जमेना. आणि कौतुक काय, तर काकूंच्या प्लेट किती पांढऱ्या.

हे सगळं नुसत्या डोक्यातलं होतं. पुरावा हवा होता. मला आठवलं, जुने साहेब प्रत्येक वाण एका नळीत तेलाखाली बुडवून मागच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. तेलाखाली बुरशी झोपल्यासारखी राहते, तिला खायला घालावं लागत नाही, म्हणून त्या नळ्यांना कुणी हात लावत नसे. चौकशी आणि मी दोघींनी अख्खा फ्रिज रिकामा केला. तळाच्या खणात सापडली. जुन्या साहेबांचं किरटं अक्षर: सात, गुलाब, आणि तारीख. तेल निथळून तुकडा प्लेटवर ठेवला. पाच दिवस काही नाही. चौकशी रोज विचारायची आणि मी रोज खेकसायचे. सहाव्या दिवशी एक धागा दिसला. दहाव्या दिवशी प्लेट राखाडी झाली होती, झाकणाला टिचकी मारली तर आत धूर उठल्यासारखी भुकटी. घेवड्याच्या पानाचा त्याने तीन दिवसांत चिखल केला. त्याच पानाशेजारी माझ्या लाडक्याचं पान हिरवं. चौकशीने टाळी वाजवली. इतकं सुंदर उत्तर प्रबंधात कुणाला मिळतं? मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो आनंद रात्रीपर्यंतच टिकला.

कारण औषध मी कुणावर तपासलं होतं?

आम्ही औषध पुन्हा तपासलं. माझा सात नंबर निम्म्या मात्रेत थांबला, आधीसारखाच. तेलाखालचा मूळ सात थांबायला पूर्ण मात्रा लागली. चोवीस नंबर चौपट मात्रेतही सावकाश पुढे सरकत होता. मी चौपटवर थांबले नाही, आठपट केली. तिथे तो हरला. पण आठपट औषध मारलं असतं तर धाकटीची फुलं बुरशीआधी औषधानेच करपली असती. मग मी तिच्या शेजारपाजाऱ्यांचे वाण घेतले. गटाच्या सहा वाणांपैकी चार तसेच निघाले. त्यातला एक गटाच्या अध्यक्षांच्या पॉलीहाऊसमधला होता. धाकटीने रोज अंघोळ घातल्यासारखी फवारणी केली असती तरी त्या बुरशीला सर्दीसुद्धा झाली नसती.

मी साहेबांकडे गेले. सगळ्या प्लेट त्यांच्या टेबलावर मांडल्या, वही उघडली, शहात्तर वेळा काय केलं ते सांगितलं. साहेब भले आहेत, पण सही करताना त्यांचा हात जड होतो. ते म्हणाले की सात नंबरवर आपण वीस औषधं तपासली आहेत, हे बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील. त्यांनी सुचवलं, अधिक अभ्यासाची गरज आहे, एवढंच गटाला कळवू. मी म्हटलं, मुदत संपण्याआधीची गटाची शेवटची बैठक परवा दुपारी आहे, अभ्यास होईपर्यंत माझ्या बहिणीचं नाव कापलेलं असेल. मी तिथेच बसून राहिले, प्लेट काही उचलल्या नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी पेन मागितलं. पत्रात त्यांनी लिहिलं की आधीचं पत्र रद्द समजावं. खाली सही करताना म्हणाले, "काकू, तुमचं नाव घालायचं का?" मी घाला म्हटलं.

बैठक शीतघराशेजारच्या पॅकिंगच्या शेडमध्ये होती. खोक्यांवर बसून तेरा जण, धाकटी नव्हती. मी तिथे जे बोलले ते फार लांबवत नाही. एकाच औषधावर वाढवलेले चोवीस नंबर आणि सात नंबर शेजारी शेजारी धरून दाखवले. अध्यक्षांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं की म्हणजे चूक कुणाची. मी म्हटलं, माझी. तुमच्या बुरशीला मी माझ्या पाळलेल्या बुरशीच्या मापाने मोजलं. मग त्यांच्या स्वतःच्या पॉलीहाऊसचा वाण दाखवला. पुढचा तासभर कुणी धाकटीबद्दल बोललं नाही. कुठलं औषध बदलायचं, आलटून पालटून कसं मारायचं, शीतघरात खोकी उघडी ठेवायची का, हेच. तिचं नाव गटात राहिलं. कुणीतरी म्हणालं, तिला सांगा लवकर.

मी जवळजवळ धावतच तिच्याकडे गेले. वाटेत काय काय जुळवलं होतं. आधी फटकन माफी मागायची, मग आनंदाची बातमी, मग चहा, आणि मग तिला प्लेटची सगळी गंमत सांगायची. लहानपणापासून तिला अशा गोष्टी आवडतात. मी बुरशीत पडले आणि ती फुलांत, एवढाच फरक.

पॉलीहाऊसचं दार उघडं होतं. डावीकडचे पाच वाफे फुललेले. उजवीकडे नुसती माती. सहा वाफे मोकळे होते, आणि कडेला उपटलेल्या जरबेराचा ढीग, मुळांसकट, काही झाडांवर कळ्याही होत्या. धाकटी सातव्या वाफ्यापाशी गुडघ्यावर बसली होती आणि हातात एक झाड होतं.

मी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, उलटसुलट. सात नंबर, पांढऱ्या कडा, तेलाची नळी, चौपट मात्रा, अध्यक्षांची बुरशी. तुझी फवारणी बरोबर होती, असं मी तीन वेळा म्हटलं. ती ऐकत होती. मधे एकदा तिने विचारलं की तेलाखाली एकोणीस वर्षं जिवंत राहते? मी हो म्हटलं. मग मी विचारलं की ही झाडं का उपटलीस, मुदत अजून चार दिवस होती.

"गटाने सांगितलं म्हणून नाही उपटली," ती म्हणाली. "त्यांच्याशी मी भांडले असते. तू म्हणालीस, मी स्वतः तपासलंय. मग मी दुसरं कारण शोधत बसले नाही. माझ्याच हातून रोग पसरतोय तर शेजाऱ्यांची तरी वाचावीत, म्हणून रोज एक वाफा काढत होते."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी तिथेच वाफ्याच्या कडेला मातीत बसले आणि रडले. ती हात पुसत शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने हातातलं झाड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं की याची मुळं अजून ओली आहेत, परत लावलं तर जगेल का.

मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसं तिला सांगितलं, आणि आम्ही दोघींनी ते लावलं.